बोटाला लागलेली खरखर

इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारा वरचा भाग, टेबलावर आडवे ठेवलेले होते. भाचा सहज म्हणून आत आला, आणि पोकळ वस्तू दिसली की माणसाचे बोट आपसूक तिच्यात जाते तसे त्याचे बोट पहिल्या इनटेक पोर्टात, सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या बोळात, गेले. त्याने आतून एक फेरी मारली, थांबला आणि विचारले, "मामा, हे आतून पॉलिश करायचं राहिलंय का?" मी हातातला पाना खाली ठेवून त्याला समजावून सांगितले, की राहिलेले नाही, मुद्दाम तसे ठेवले आहे. ह्या गाडीत पेट्रोलचा फवारा पोर्टाच्या तोंडाशीच बसतो, त्यातले काही पेट्रोल भिंतीला लागून ओल्या थरासारखे पसरते, आणि भिंत आरशासारखी असली तर तो थर तसाच ओघळत राहतो. किंचित खरखरीत भिंतीवरून त्याचे पुन्हा थेंब होऊन हवेत मिसळायला मदत होते. म्हणून इनटेक पोर्ट ६० किंवा ८० नंबरच्या पॉलिश पेपरवर सोडायचा असतो. चकाकी आणायचीच असेल तर एक्झॉस्टमध्ये आणावी, तिथे निदान काजळी कमी धरते. तो "अच्छा" म्हणाला, बोट पँटला पुसले आणि निघून गेला. मी दिलेले उत्तर बरोबर होते. तरीही ते मला त्या रात्री आणि नंतरही बरेच दिवस टोचत राहिले, कारण ज्या पोर्टात त्याचे बोट गेले होते त्याची खरखर त्या ज्ञानातून आलेली नव्हती.

हेड उतरवण्याचे कारण अगदी साधे होते. सकाळी गाडी सुरू केली की मागून निळसर धूर येई. व्हॉल्व्हच्या दांड्यावरून तेल आत उतरू न देणारे ऑइल सील कडक होऊन गेले होते. ते बदलायला हेड उतरवले, आणि मग ते वाक्य मनात आले ज्याने घरी गाडीवर काम करणाऱ्यांचे असंख्य रविवार खाल्ले आहेत: हेड उतरलेच आहे तर. हेड उतरलेच आहे तर व्हॉल्व्ह घासून बसवू, बसवतोच आहोत तर पोर्ट पाहू, पोर्ट पाहतोच आहोत तर मॅनिफोल्डशी, म्हणजे त्यांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांशी, जुळतात का ते तपासू. ह्या दोहोंमध्ये बसणारी भोकांची पातळ पट्टी, म्हणजे नवे गॅस्केट, हेडच्या तोंडावर ठेवले आणि पाहिले, तर चारांपैकी एकही भोक नीट जुळत नव्हते. कुठे वरून मिलिमीटरभर ओठ पुढे आलेला, कुठे खालून. ह्यात कोणाची लबाडी नसते. ॲल्युमिनियमच्या ओतकामात पोकळी निर्माण करणारे वाळूचे गाभे साच्यात थोडे हलतात, आणि हजारोंच्या संख्येने बनणाऱ्या वस्तूत तेवढे हलणे हिशेबात धरलेले असते. पण हवेच्या वाटेत मिलिमीटरची पायरी म्हणजे पळत्या माणसाच्या वाटेत उंबरा. मी तोंडावर निळा मार्किंगचा रंग लावला, तो वाळल्यावर गॅस्केट बोल्टांवर अडकवून बसवले आणि टोकदार सुईने चारही भोकांच्या कडा ओढल्या. निळ्या रंगातून चमकणाऱ्या त्या चार बारीक रेषा पाहताना वाटले, की आता फक्त रेषेपर्यंत जायचे आहे. रेषेपर्यंत जाणे ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे, हे मला खरे तर फार पूर्वीच कळायला हवे होते.

शाळेत कार्यशाळेच्या तासाला आम्हाला लोखंडाचा एक ठोकळा देत आणि कानशीने त्याच्या बाजू काटकोनात आणायला सांगत. मी एक बाजू घासली, गुण्या लावून उजेडाकडे धरली, फटीतून उजेड दिसला. पुन्हा घासली, आता दुसऱ्या टोकाला उजेड. असे करता करता दोन तासांनी माझा ठोकळा अतिशय गुळगुळीत आणि ठरलेल्या मापापेक्षा चार मिलिमीटर लहान झाला होता. सरांनी त्यावर कॅलिपर लावला, आकडा मला दाखवला आणि काही न बोलता ठोकळा परत दिला. त्यांचे ते न बोलणे मला अजून आठवते. ठोकळा इतका सुंदर चकाकत होता, की त्याबद्दल तरी एखादा शब्द निघेल अशी माझी अपेक्षा होती.

इंजिनात हवा किती जाते ह्याचा अंदाज आपल्याला नसतो, कारण पेट्रोलची टाकी असते तशी हवेची टाकी नसते. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. चार सिलिंडरचे १२०० सीसीचे इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्या घेत असेल, तेव्हा प्रत्येक इनटेक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो. पिस्टन वरून खाली जातो तो ५ मिलिसेकंदांत, आणि तेवढ्या वेळात ३०० सीसी हवेने त्या वळणदार बोळातून आत यायचे असते. पोर्ट ३० मिलिमीटर व्यासाचा धरला तर हवेचा सरासरी वेग सेकंदाला ८५ मीटर निघतो, म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. हा हिशेब मी कागदावर केला तेव्हा हातातल्या त्या ओबडधोबड भोकाबद्दल मला एकदम आदर वाटू लागला. पण पुढची ओळ जास्त महत्त्वाची होती. व्यास ३२ केला तर तोच वेग ७५ वर येतो. आणि हा वेग काही नुसता मिरवण्यासाठी नसतो. पिस्टन तळाला पोचून पुन्हा वर निघतो तेव्हाही इनटेक व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच ठेवलेला असतो, कारण धावत आलेली हवा आपल्याच जोराने आत घुसत राहते. वेग कमी झाला की हा जोर ओसरतो, आणि इंजिन सावकाश चालत असताना आत आलेली हवा पिस्टन चक्क मागे ढकलतो. म्हणजे भोक मोठे केले की ताकद वाढते, हे जे कोणालाही पटेल असे वाक्य आहे, ते रोजच्या वापरातल्या गाडीच्या बाबतीत बऱ्याचदा खोटे असते.

हे सगळे मी वाचलेले होते. वाचलेले हाताला लागायला वेळ लागतो.

डाय ग्राइंडर पहिल्यांदा सुरू केला तेव्हाचा आवाज दाताच्या डॉक्टरकडच्या आवाजाचा थोरला भाऊ वाटला. त्यात धातू कापणारे दातेरी टोक बसवतात, त्याला बर म्हणतात; ॲल्युमिनियमसाठी मोठ्या दात्यांचा कार्बाइड बर लागतो. बारीक दात्यांच्या बरात मऊ धातू लगेच भरून बसतो आणि मग तो कापण्याऐवजी नुसता चोळत राहतो. त्यासाठी मेणाची कांडी जवळ ठेवायची, अधूनमधून फिरत्या बरला टेकवायची. तापलेल्या मेणाचा आणि धातूचा एक मिश्र वास खोलीत भरून राहतो, तो कपड्यांतून दोन धुण्यांनंतरही जात नाही. आणि कीस! चंदेरी, सुईसारखा, हलका कीस बाहीच्या दुमडीत, भुवयांत, चष्म्याच्या काडीखाली, कुठेही सापडतो. लोखंडाचा असता तर चुंबक फिरवून गोळा केला असता. ॲल्युमिनियम चुंबकाला भीक घालत नाही. म्हणून इंजिनाच्या उघड्या सिलिंडरांजवळ हे काम करण्याचा विचारही करू नये. मी तर हेड वेगळ्या खोलीत नेले होते, आणि जोडण्यापूर्वी साबणाच्या पाण्याने, ब्रशने, प्रत्येक भोकातून पाणी स्वच्छ येईपर्यंत इतक्या वेळा धुतले, की घरातल्यांना मी त्या हेडशी भांडी घासल्यासारखा का वागतो आहे हे कळेना.

पहिला पोर्ट मी रेषेपर्यंत नेला आणि थांबलो. मनापासून सांगतो, थांबलो. पायरी गेली होती, ओतकामाची शिवण गेली होती, व्हॉल्व्हच्या गाइडभोवतीचा डोंगर थोडा निमुळता झाला होता, बाजूच्या भिंती सलग झाल्या होत्या. ८० नंबरच्या पेपरवर तो दुपारी तयार होता. पण टॉर्चचा उजेड आत टाकला तर मंद, राखाडी, एखाद्या वापरलेल्या पातेल्यासारखा दिसला. एवढे करून असा? मग मी १२० चा पेपर घेतला, मग २२०, मग ४००, आणि संध्याकाळी पॉलिशची पेस्ट लावून कापडी चाक फिरवले. काळोख पडला तेव्हा पोर्टात माझ्या डोळ्याचे वाकडे, ताणलेले प्रतिबिंब दिसत होते. इतका आनंद मला त्या सबंध कामात पुन्हा झाला नाही. घरातल्या प्रत्येकाला बोलावून मी त्यात टॉर्च टाकून दाखवला. हवा त्यातून कशी जाईल हा प्रश्न त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात एकदाही आला नाही.

दुसऱ्या पोर्टाच्या वेळी थकवा आला होता, म्हणून तो ८० वर राहिला. तिसऱ्याच्या वेळी मात्र माझा हात चांगलाच सैल झाला होता, आणि हात सैल होणे म्हणजे सरावणे अशी माझी समजूत होती. पोर्ट आत जाऊन व्हॉल्व्हकडे खाली वळतो तिथे दोन बाजू असतात. बाहेरची बाजू लांब आणि सोपी. आतली बाजू आखूड, उंटाच्या कुबडासारखी. हवेचे सगळे रुसवेफुगवे ह्या आखूड बाजूला होतात. वेगात आलेल्या हवेला तिथे झटकन वळायचे असते, आणि कुबडाचा बाक पुरेसा मोठा नसेल तर ती भिंत सोडते, पुढे फेकली जाते आणि मागे भोवरे उरतात. म्हणून जाणकार सांगतात, की तिथे हात लावायचाच असेल तर कड मारण्यापुरता लावा, धातू काढू नका. मी तिथे धातू काढला. एका क्षणाचे काम होते. बर किंचित घसरला, त्याची खूण पडली, ती खूण पुसायला आजूबाजूचे थोडे काढले, ते सारखे करायला आणखी थोडे. तोच शाळेतला ठोकळा. भानावर आलो तेव्हा कुबड बसके झाले होते आणि खाली व्हॉल्व्हकडे उतरताना त्याला एक स्पष्ट धार आली होती. पलीकडे पाण्याची वाट असते, धातू किती उरला आहे हे बाहेरून दिसत नाही. पोर्ट फुटला नव्हता, एवढेच समाधान.

त्या रात्री झोप लागेना म्हणून मी एक यंत्र बनवले. व्यावसायिक फ्लो बेंचवर हवा मापतात तेव्हा पाण्याच्या २८ इंचांएवढा दाबाचा फरक ठेवण्याची प्रथा आहे; माझ्याकडे घरचा व्हॅक्यूम क्लीनर, लाकडी फळीत कापलेले एक भोक, आणि इंग्रजी यू आकारात वाकवलेल्या पारदर्शक नळीत शाई घातलेले पाणी होते. व्हॉल्व्ह स्क्रूने ठराविक अंतरावर उघडा धरायचा, हवा खेचायची आणि नळीतले पाणी किती चढते ते पाहायचे. पाणी जास्त चढले म्हणजे पोर्ट जास्त अडवतो. ह्यातून खरे आकडे मिळत नाहीत, पण एका पोर्टाची दुसऱ्याशी तुलना होते, आणि मला तुलनाच हवी होती: पहिला चकाकता, दुसरा खरखरीत, तिसरा बिघडलेला, चौथा अजून हातही न लावलेला. चौथ्यापेक्षा पहिला आणि दुसरा थोडे सरस निघाले. आपापसात मात्र त्यांच्यात नळीवरच्या रेघेच्या जाडीएवढाही फरक नव्हता. माझा सबंध रविवार, ती पेस्ट, ते कापडी चाक, तो डोळा, ह्या सगळ्याची दखल पाण्याने घेतली नाही.

तिसऱ्याचे वागणे वेगळे होते. व्हॉल्व्ह थोडा उघडा असेपर्यंत तो पहिल्या दोघांच्या बरोबरीने चालला. आणखी उघडला तेव्हा पाणी एकदम चढले, चौथ्याच्याही वर गेले, आणि त्यातून येणारा आवाज बदलला. बाकीचे पोर्ट एकसुरी घुमत होते. ह्यातून जुने कापड फाडत नेल्यासारखा फरफर आवाज येत होता. हवा भिंत सोडते तेव्हा असा आवाज येतो हे मला ठाऊक होते, पण आपल्या हाताने केलेली चूक ऐकू येते हा अनुभव नवा होता. आकाराने तोच सगळ्यात मोठा पोर्ट होता, बोटाला तोच सगळ्यात मुलायम लागत होता.

इथे अनेक जण गॉल्फच्या चेंडूचा दाखला देतात, की त्यावरच्या खळग्यांमुळे तो लांब जातो, तशीच पोर्टातली खरखर हवेला पळवते. मला तो दाखला पटत नाही. ऑस्बर्न रेनॉल्ड्स ह्यांनी १८८३ साली काचेच्या नळीत रंगाची धार सोडून दाखवले, की नळीतला शांत प्रवाह एका मर्यादेनंतर विस्कटतो. ती मर्यादा सांगणारा जो अंक त्यांच्या नावाने ओळखला जातो तो दोन-अडीच हजारांच्या पलीकडे गेला की शांतपणा टिकत नाही. वेगात चाललेल्या इंजिनाच्या पोर्टात हा अंक लाखाच्या पुढे असतो. तिथला प्रवाह मुळातच खवळलेला, त्याला खळग्यांनी आणखी काय खवळायचे? खरखरीचे कारण पेट्रोलच्या ओल्या थरात आहे. ज्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात तिथे ते कारणही उरत नाही. उलट व्हॉल्व्हच्या पाठीवरून पेट्रोल वाहतच नसल्याने तिथे काजळीचे थर चढतात, ही निराळीच डोकेदुखी.

मग तो पहिला पोर्ट. त्याची चकाकी हवेला मदत करत नव्हती आणि पेट्रोलला नकोशी होती, तेव्हा ती काढणे भाग होते. ८० चा पेपर रॉडला गुंडाळून मी तो आत घातला आणि खरे सांगायचे तर पहिली फेरी मारायला मला धीर होईना. पहिल्याच ओरखड्याने डोळ्याचे प्रतिबिंब पुसले. पंधरा मिनिटांत सगळा पोर्ट पुन्हा वापरलेल्या पातेल्यासारखा झाला. भाच्याच्या बोटाला लागली ती ही खरखर. ती जाणकाराने राखलेली खरखर नव्हती. हौसेने केलेली चूक झाकून झाल्यावर उरलेली खरखर होती, आणि मी तिला सिद्धान्ताचे कपडे घालून त्याच्यापुढे उभे केले होते.

चौथ्या पोर्टाबद्दल सांगण्यासारखे काही नाही. तो नीट झाला.

तिसऱ्याची धार मी हाताने, पेपरने, तासन्तास गोल केली. फरफर बरीच कमी झाली, पाणी काहीसे खाली उतरले, पण दुसऱ्याच्या पातळीला आले नाही. कमी झालेल्या जागी उष्णता सोसणारा इपॉक्सी भरून कुबड पुन्हा घडवणारे लोक आहेत आणि ते काम चांगले करतात. मी इपॉक्सी आणून ठेवला होता. पण माझ्या हाताने चिकटवलेला तुकडा एखाद्या दिवशी सुटून व्हॉल्व्हखाली गेला तर, ह्या विचाराने डबी उघडलीच नाही. हात किती भरवशाचा आहे ह्याची मोजणी नळीने नुकतीच करून दिली होती.

पुढच्या टप्प्यावर थ्रॉटल बॉडी, म्हणजे पॅडल दाबले की उघडणारे हवेचे दार, मोठी बसवायचा बेत होता. ४८ ऐवजी ५२ मिलिमीटर म्हणजे क्षेत्रफळ सतरा टक्क्यांनी जास्त, ऐकायला फार छान. सुदैवाने हेड उतरवण्याआधीच मी पूर्ण पॅडल दाबून मॅनिफोल्डमधला दाब पाहून ठेवला होता. तो बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम २ किलोपास्कल कमी होता. म्हणजे जुने दार काही अडवत नव्हते. मोठे दार बसवले असते तर थोडक्या पॅडलवर जास्त हवा गेली असती, गाडी तरतरीत वाटली असती, आणि पूर्ण पॅडलवर जिथल्या तिथे राहिली असती. तीच गोष्ट उघड्या शंकूच्या आकाराच्या फिल्टरची. मूळ पेटी काढून तो बसवला की बॉनेटखालून असा काही गुरगुराट येतो की चालवणाऱ्याची छाती फुगते. पण तो फिल्टर रेडिएटरमागची तापलेली हवा ओढत असतो, आणि हवा दर १० अंशांनी तापली की सुमारे तीन टक्के विरळ होते. मी मूळ पेटी ठेवली, तिला पुढच्या जाळीमागून थंड हवा आणणारी नळी जोडली, तीही फार खाली नाही, नाहीतर साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिन पाणी पिते. मॅनिफोल्डच्या नळ्यांची लांबी बदलण्याचाही मोह झाला होता. व्हॉल्व्ह बंद होताच नळीत दाबाची लाट मागे जाते, टोकावरून परतते, आणि ती पुढच्या उघडण्याच्या वेळी पोचली तर हवा आत लोटते. लांब नळी कमी फेऱ्यांवर फायदा देते, आखूड नळी जास्त फेऱ्यांवर. १९६० साली क्रायस्लरने ह्याच तत्त्वावर तब्बल ३० इंच लांबीच्या नळ्या इंजिनावर आडव्यातिडव्या बसवल्या होत्या. माझ्या बॉनेटखाली तेवढी जागा नव्हती, आणि माझ्यात तेवढा आत्मविश्वासही उरलेला नव्हता.

जोडणी शांतपणे केली. मॅनिफोल्डचे बोल्ट मधल्यापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळले. गाडी सुरू झाली आणि लगेच लटपटू लागली. फेऱ्या कधी वर, कधी खाली. छातीत धस्स झाले, तिसराच असणार. रबरी नळीचा एक तुकडा कानाला लावून दुसरे टोक गॅस्केटच्या कडेने फिरवले, तर सूं आवाज चौथ्यापाशी आला. गॅस्केटचा कोपरा दुमडला होता. ज्याच्याबद्दल सांगण्यासारखे काही नव्हते तोच पोर्ट बाहेरची हवा ओढत होता. दुसऱ्या गॅस्केटने ते मिटले.

गाडी आता चांगली चालते. ४००० फेऱ्यांच्या पुढे ती पूर्वीसारखी दमत नाही, असे मला वाटते. खाली, दीड हजाराच्या आसपास, ती पूर्वीपेक्षा किंचित आळशी झाली आहे, असेही वाटते. निळा धूर गेला. पण व्हॉल्व्ह नव्याने घासले होते, सील नवे होते, काजळी खरवडली होती, आणि सुधारणेतला किती वाटा त्याचा आणि किती माझ्या बरचा, हे वेगळे काढायची सोय मी स्वतःच ठेवलेली नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी हे मला सांगता येते, करता येत नाही. ज्या गॅस्केटवरून रेषा ओढल्या ते टेबलामागे खिळ्याला टांगले आहे. त्याच्या तिसऱ्या भोकाच्या कडेला निळ्या शाईची छोटी फुली आहे, ती मीच केलेली.

गेल्या महिन्यात भाचा आला होता. गाडी सुरूच होती, बॉनेट उघडे होते. त्याने कान देऊन ऐकले आणि ती फुली पाहून, ती कसली, असे विचारले. मी ह्या वेळी सगळे सांगितले: चकाकी, डोळा, व्हॅक्यूम क्लीनर, फाटणारे कापड, न उघडलेली डबी. त्याने मध्ये एकदाही टोकले नाही. मग गॅस्केट खिळ्यावरून काढून त्याने तिसऱ्या भोकात बोट घातले, पण तिथे अर्थात पत्र्याची कड आणि मोकळी हवा, बाकी काही नव्हते.

"मग त्या दिवशी मला तिसऱ्यात बोट घालायला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला. "तेव्हा तर उघडाच होता."